कोबीच्या मुळमाशीवर औषधांची चाचणी: यंदा नीट मांडायची आहे

शेतवही

मागच्या हंगामातली गोष्ट. कोबीची रोपं लावून तीन आठवडे झाले होते. काही रोपं दुपारी माना टाकायची आणि संध्याकाळी पुन्हा ताठ व्हायची. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून पाणी वाढवलं. चार दिवसांनी त्याच रोपांच्या पानांवर निळसर-जांभळी झाक आली. एक रोप बुंध्याशी धरून जरासं ओढलं तर अलगद हातात आलं. खाली मुळं अशी राहिलीच नव्हती. काळपट, मऊ पडलेला एक बुडखा होता आणि त्यात पांढऱ्या, बिनपायांच्या अळ्या. तिथंच बांधावर बसून मोजल्या, १७ भरल्या.

घाईघाईनं तीन औषधं आणली आणि तीन पट्ट्यांत एकेकाची आळवणी केली, म्हणजे औषधाचं पाणी मुळांपाशी ओतलं. झाडोऱ्याच्या कडेला पहिलं, मधल्या पट्ट्यात दुसरं, मोकळ्या बाजूला तिसरं. शेवटी तिसऱ्या औषधाच्या पट्ट्यात सगळ्यात जास्त गड्डे मिळाले. मी वहीत लिहून ठेवलं: "तिसरं चांगलं."

आता नव्या लागवडीची तयारी चालू आहे आणि ती वही पुन्हा वाचताना त्या एका ओळीवर माझा विश्वास बसत नाहीये. तिसरं औषध खरंच चांगलं होतं, की त्या बाजूला मुळात माशीच कमी होती? औषध न दिलेला एकही वाफा मी ठेवला नव्हता, म्हणजे ताडून बघायला काही नाही. यंदा जागा आहे, वेळ आहे आणि घरची मदतही आहे. चाचणी नीट करायची आहे. कशी मांडू? औषध कधी द्यायचं, किती वाफे हवेत, आणि निकाल कशावरून ठरवायचा? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

मुळापासून

ताई, तुम्हाला वहीतल्या ओळीवर शंका आली, निम्मं काम तिथंच झालं. मी कीटकशास्त्र शिकलोय आणि मुळांवरच्या माश्यांवर काही वर्षं काम केलंय. आधी किडीबद्दल लिहितो, कारण औषध कधी द्यायचं हे तिच्या दिनक्रमावरून ठरतं.

वर्णनावरून ही कोबीची मुळमाशी, डेलिया रॅडिकम. घरमाशीसारखीच पण लहान, करडी, ६ ते ७ मिमी. माशी स्वतः पिकाला काही करत नाही. मादी रोपाच्या बुंध्याला लागून मातीच्या भेगांत अंडी घालते. पांढरी, लांबट, जेमतेम १ मिमी. हवा उबदार असेल तर तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते, थंडीत आठवडाभर किंवा जास्त लागतो. अळी सरळ खाली उतरून मुळांवर लागते आणि साधारण तीन ते चार आठवडे खात राहते. मग मुळापासून थोडी दूर सरकून मातीत तपकिरी कोष करते. हंगामाच्या शेवटच्या पिढीचे कोष हिवाळाभर मातीतच पडून राहतात आणि थंडी ओसरली की त्यांतून नव्या माश्या निघतात. वर्षात दोन ते चार पिढ्या, हवामानाप्रमाणे.

आता तुमच्या आळवणीकडे बघा. तुम्ही औषध दिलंत तेव्हा रोपं कोमेजलेली होती, म्हणजे अळ्या मोठ्या झालेल्या आणि मुळाच्या आत शिरलेल्या. त्या वेळी कोणतंही औषध दिलं तरी खाल्लेलं मूळ परत येत नाही. मुळमाशीचं औषध अंड्यातून अळी बाहेर पडण्याआधी मुळांभोवती असायला हवं. म्हणून तुमची पहिली चाचणी औषधांच्या गुणाची नव्हतीच, ती उशिरा दिलेल्या औषधांची होती.

अजून एक. सडक्या मुळात दिसणारी प्रत्येक अळी हीच असेल असं नाही. डेलिया प्लॅटुरा नावाची तिची बहीण सडणाऱ्या भागावर मागाहून येते आणि अळी दिसायला जवळपास सारखीच. चाचणी करताना काही कोष डब्यात ठेवून माशी बाहेर काढा आणि ओळख पटवून घ्या. नाहीतर मेहनत एका किडीवर आणि निष्कर्ष दुसऱ्याच किडीचा.

रोपवाटिका

मी ट्रेमध्ये रोपं वाढवतो, म्हणून माझ्या बाजूचं सांगतो. मुळापासून सरांनी सांगितलेली वेळ साधायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे लावणीच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी ट्रेमध्येच आळवणी. रोप शेतात जातं तेच औषध घेतलेल्या मुळांसकट. स्पिनोसॅड आणि सायअँट्रानिलीप्रोल या दोन्हींचा असा वापर बऱ्याच देशांत होतो. मात्रा दर १००० रोपांमागे ठरते, एकरामागे नाही. जे लेबलवर असेल तेच, आणि तुमच्याकडे ज्या पिकाला व ज्या पद्धतीला परवानगी असेल तेवढंच.

पण ट्रेची आळवणी दिसते तेवढी सोपी नाही. मी पहिल्यांदा केली तेव्हा ट्रे चिंब भिजलेले होते. वरून औषधाचं पाणी दिलं आणि ते खालच्या भोकांतून सरळ जमिनीवर गळालं. औषध जमिनीला, रोपांना जवळजवळ काही नाही. दुसऱ्या खेपेला उलटी चूक. ट्रे इतके सुकले होते की कोकोपीट कडेनं आकसलेलं होतं, पाणी त्या फटीतून गेलं. आता असं करतो: नमुन्याचा एक ट्रे घेऊन मोजून साधं पाणी देतो आणि खालून पहिला थेंब कधी पडतो ते बघतो. त्या मापाच्या थोडं अलीकडे थांबायचं, तेवढ्या पाण्यात औषध मिसळायचं. आळवणी झाली की लगेच पानांवर हलका साध्या पाण्याचा शिडकावा, म्हणजे पानांवर राहिलेलं औषध धुऊन मुळांपाशी जातं आणि पानंही करपत नाहीत.

आणि चाचणीसाठी महत्त्वाचं, सगळे ट्रे एकाच पेरणीचे घ्या. एका औषधाला जून रोपं आणि दुसऱ्याला कोवळी मिळाली, तर फरक रोपांचा की औषधाचा हे कुणालाच सांगता येणार नाही.

शेतवही

दोघांचेही मनापासून आभार. वेळेचा मुद्दा वाचून वाईट वाटलं, कारण एवढं औषध मातीत ओतलं ते जवळजवळ वायाच गेलं.

रोपवाटिका दादा, लावताना खोली किती ठेवायची? आमच्याकडे रोपं जरा खोल लावायची सवय आहे, वाऱ्यानं कलंडू नयेत म्हणून.

रोपवाटिका

ताई, ट्रेमधून निघालेल्या मुळांच्या गठ्ठ्यावर मातीचा पातळ थर येईल एवढंच. फार खोल लावलं तर औषध घेतलेला गठ्ठा खाली राहतो आणि वरचं खोड बिनऔषधाच्या मातीत. अंडी तर वरच, खोडाला लागून पडतात, मग अळीला खायला खोडाचा तो भाग मोकळाच मिळतो. गठ्ठा उघडा पडला तर उन्हानं सुकतो, तेही नको. चाचणीत सगळी रोपं एकाच माणसाकडून लावून घ्या, किंवा एका गटातले सगळे वाफे तरी एकाच्याच हातचे असू द्या.

आकडेमोड

मांडणीचं मी सांगते. शेतीतल्या चाचण्यांची आकडेवारी हे माझं रोजचं काम आहे.

ताई, तुमच्या जुन्या मांडणीत एका औषधाला एकच पट्टा होता. औषध आणि जागा एकमेकांत अशी मिसळली की आता कोणत्याही गणितानं वेगळी काढता येत नाहीत. यावर तोडगा जुना आहे. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड इथल्या शेती संशोधन केंद्रात १९२०च्या दशकात तो मांडला: प्रत्येक उपचार (औषध किंवा पद्धत) अनेक जागी द्या, जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा, आणि सारख्या जमिनीचे गट पाडा.

तुमच्या शेतात झाडोऱ्याकडून मोकळ्या बाजूकडे माशीचं प्रमाण बदलत असणार. मुळमाश्या कडेच्या आडोशाला वावरतात, तिथल्या फुलांवरचा मध खातात आणि अंडी घालायला पिकात येतात, त्यामुळे कडेच्या ओळींना त्रास जास्त. म्हणून शेताचे झाडोऱ्याला समांतर चार गट करा. गट १ झाडोऱ्यालगत, गट ४ मोकळ्या बाजूला. प्रत्येक गटात प्रत्येक उपचाराचा एक वाफा. गटातली जागा चिठ्ठ्या टाकून, आणि दर गटाला चिठ्ठ्या नव्यानं. पहिल्या गटाचा क्रम सगळीकडे उतरवू नका. "डोळ्यांना नीट दिसेल असं" मांडायचा मोह होतो, तो टाळा.

सहा उपचार आणि चार गट धरले तर २४ वाफे. यात त्रुटीचा, म्हणजे वाफ्यावाफ्यातल्या आपसूक फरकाचा, अंदाज घ्यायला ५ × ३ म्हणजे १५ स्वातंत्र्यमात्रा (मोकळे राहणारे स्वतंत्र आकडे) उरतात. १२ किंवा त्याहून जास्त असाव्यात असा ढोबळ नियम आहे, तो पाळला जातो. तीनच उपचार आणि तीनच गट घेतलेत तर २ × २ म्हणजे फक्त ४ उरतील, आणि मग खरा फरक असूनही दिसणार नाही. थोडक्या वाफ्यांची चाचणी स्वस्त वाटते खरी, पण तिच्यातून उत्तर मिळत नाही.

वाफा चार ओळींचा ठेवा, ओळीत १५ रोपं. मोजणी फक्त मधल्या दोन ओळींत, तीही टोकाची रोपं सोडून. बाहेरच्या ओळी राखणीच्या.

सहा उपचार सुचवते: (१) औषध नाही, फक्त तेवढंच साधं पाणी; (२) तुमच्या भागात चालत आलेलं परवान्याचं औषध; (३) आणि (४) ट्रेमधल्या आळवणीची, किडीवर वेगवेगळ्या पद्धतीनं काम करणारी दोन औषधं; (५) त्यांतलंच एक, पण लावणीनंतर बुंध्याशी आळवणी करून; (६) औषधाऐवजी जाळी. पाचवा उपचार मला फार हवासा वाटतो, कारण त्यातून औषधाचा गुण आणि देण्याची पद्धत वेगळी बघता येते.

पहिलंच पीक

एक भाबडा प्रश्न. चार वाफे मुद्दाम बिनऔषधाचे ठेवायचे म्हणजे आपल्याच हातानं पीक माशीला देणं झालं. चालत आलेल्या औषधाशी तुलना केली तर पुरत नाही का?

आकडेमोड

प्रश्न भाबडा नाही, दर चाचणीत कुणीतरी विचारतंच. समजा सगळ्या वाफ्यांत औषध दिलं आणि सगळीकडे मुळं स्वच्छ निघाली. सगळी औषधं उत्तम की यंदा माशी आलीच नाही? बिनऔषधाच्या वाफ्याशिवाय हे कळायला मार्ग नाही.

आकड्यांतच सांगते. परिणाम काढायचं सूत्र अ‍ॅबट यांचं आहे, १९२५ सालचं: बिनऔषधाच्या वाफ्यातलं नुकसान वजा औषधाच्या वाफ्यातलं नुकसान, भागिले बिनऔषधाच्या वाफ्यातलं नुकसान, गुणिले १००. समजा १०० रोपांपैकी बिनऔषधाची ६० खराब झाली आणि औषधाची १५. परिणाम ७५ टक्के. आता दुसरं शेत घ्या. बिनऔषधाची ४ खराब, औषधाची १. परिणाम पुन्हा ७५ टक्केच! पहिल्या आकड्यावर मी भरवसा ठेवीन. दुसऱ्यात तीन रोपं इकडची तिकडे झाली की सगळं बदलतं. त्यामुळे कुणी नुसते टक्के सांगितले की मी आधी विचारते, बिनऔषधाच्या वाफ्यात नुकसान किती होतं?

मुळापासून

आकडेमोड ताईंच्या मुद्द्याला जोडून, माशी आली की नाही हे निकालापर्यंत थांबून बघू नका. लावणीनंतर आठवड्यातून एक-दोनदा बिनऔषधाच्या वाफ्यांतल्या काही राखणीच्या रोपांभोवतीची वरची माती चमच्यानं काढा. बुंध्याला लागून, बोटाच्या पेराएवढी खोल. ती बादलीत पाण्यात ढवळा. अंडी वर तरंगतात. काळ्या पाण्यावर पांढऱ्या बारीक काड्या दिसाव्यात तशी. भिंगातून त्यांच्यावर उभ्या रेघा दिसतात. तारीख आणि संख्या लिहीत जा. किती रोपांची माती काढली तेही लिहा. माती काढली तिथं तेवढीच दुसरी माती भरा.

या नोंदींचा दुसरा उपयोग असा की औषध दिल्यापासून किती दिवसांनी अंड्यांचा जोर होता हे कळतं. एखादं औषध महिनाभर टिकत असेल आणि माशी सहाव्या आठवड्यात आली, तर औषध वाईट ठरत नाही. वेळ जुळली नाही एवढंच.

बांधावरचा

चर्चा चांगली चाललीय, पण सगळं औषधांभोवतीच फिरतंय म्हणून लिहितो. मी स्वतः औषध वापरत नाही, तरी या चाचणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. एक गोष्ट त्यात धराच: त्या मातीतले मित्रकीटक.

मुळमाशीची अंडी खाणारे भुंगे जमिनीवर फिरतात. बेंबिडियन जातीचे छोटे भुंगे, आणि अलिओकारा बायलिनिएटा नावाचा आखूड पंखांचा भुंगा. या दुसऱ्याची तर कमाल आहे. मोठा भुंगा अंडी आणि अळ्या खातो, आणि त्याची पिल्लं मुळमाशीचा कोष शोधून, भोक पाडून आत शिरतात आणि आतून तो फस्त करतात. शिवाय ट्रायब्लिओग्राफा रापी नावाची गांधीलमाशीच्या कुळातली एक चिमुकली माशी अळीतच अंडं घालते.

इंग्लंडमध्ये १९५० आणि ६०च्या दशकांत यावर बरंच काम झालं. जमिनीवर पसरलेल्या औषधानं भुंगे मेले, अळ्या मात्र वाचल्या, आणि कोबीचं नुकसान औषध न दिलेल्या जागेपेक्षा वाढलं, असं तिथं दिसून आलं. म्हणजे औषध देऊन कीड वाढवली! म्हणून फक्त "अळ्या किती मेल्या" एवढंच मोजू नका.

जाळीबद्दलही सांगतो, कारण सहावा उपचार तोच आहे. छिद्र १.३ मिमीच्या आसपास हवं, कडा मातीत पुरलेल्या. पण मागच्या वर्षी जिथं कोबीवर्गातलं पीक होतं तिथं जाळी टाकली तर खालच्या कोषांतून निघालेल्या माश्या आतच कोंडल्या जातात, त्यांना आयतं पीक. जागा बदलूनच जाळी.

मुळापासून

बांधावरचा दादांशी पूर्ण सहमत. त्याच काळातली दुसरी ठेचही सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर आल्ड्रिन, डायल्ड्रिन, हेप्टाक्लोर ही औषधं मुळमाशीवर रामबाण मानली जायची. मातीत एकदा घातली की टिकून राहायची. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीलाच युरोपात आणि उत्तर अमेरिकेत त्यांना न जुमानणाऱ्या माश्या दिसू लागल्या. मग क्लोरपायरीफॉससारखी सेंद्रिय-फॉस्फरस औषधं आली आणि ती कित्येक वर्षं चालली. युरोपीय संघात २०२० मध्ये क्लोरपायरीफॉसची मान्यता गेली, मुख्यतः मुलांच्या मेंदूच्या वाढीवर होणाऱ्या परिणामांच्या काळजीनं. हाताशी उरलेली औषधं आता मोजकी आहेत, ती एकाच हंगामात झिजवून टाकू नयेत.

म्हणून उपचार ३ आणि ४ वेगळ्या औषध-गटांतले हवेत हा आग्रह. हे शेतातले गट नव्हेत, किडीवर काम करण्याच्या पद्धतीप्रमाणे पाडलेले औषधांचे गट. स्पिनोसॅड हे मातीतल्या एका जिवाणूपासून मिळतं, ते गट ५ मध्ये येतं आणि किडीच्या मज्जासंस्थेवर काम करतं. सायअँट्रानिलीप्रोल गट २८ मधलं, त्यानं स्नायूंतल्या कॅल्शियमचा तोल जातो, अळीचं खाणं थांबतं. बाटलीवर गटाचा आकडा छापलेला असतो, नावं वेगळी असूनही गट एकच असू शकतो. तो बघून घ्या.

आणि कळकळीनं सांगतो, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, आणि ज्या औषधाला कोबीवर परवानगी नाही ते चाचणीच्या नावाखालीसुद्धा वापरू नका. ट्रे हाताळणाऱ्याचे हात दिवसभर त्या ओल्या गठ्ठ्यांत असतात हे आपण विसरतो. लावणीला येणाऱ्या बायांनाही मोजे द्या.

शेतवही

लावणीला सगळ्यांना मोजे दिले आहेत, सर. पहिल्यांदा नको म्हणाल्या, बोटांना रोप कळत नाही म्हणून. पातळ मोजे आणले तेव्हा चाललं.

मांडणी आकडेमोड ताईंच्या सांगण्याप्रमाणे झाली. २४ वाफे, खुंट्यांवर फक्त क्रमांक, औषधाचं नाव कुठंही नाही. आता प्रश्न मोजणीचा. गड्डे तयार होईपर्यंत थांबू की आधी उपटून बघू?

मुळापासून

दोन्ही. लावणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी, पहिल्या पिढीच्या अळ्यांचं खाणं संपत आलं की प्रत्येक वाफ्यातून १० रोपं खोदून काढा. उपटू नका, खोदा! ओढलं की खाल्लेली मुळं मातीत तुटून राहतात आणि आपल्या हाती येतं ते बरं दिसतं. पाण्यात धुवून मग श्रेणी द्या. ० म्हणजे डाग नाही. १ म्हणजे मुळाचा १० टक्क्यांपर्यंतचा भाग खाल्लेला. २ म्हणजे २५ पर्यंत. ३ म्हणजे ५० पर्यंत. ४ म्हणजे ७५ पर्यंत. ५ म्हणजे त्याहून जास्त.

श्रेणी देणाऱ्याला वाफा कोणता हे ठाऊक नसावं. हे फार महत्त्वाचं आहे. आपल्या आवडत्या औषधाचं मूळ हातात असलं की ३ चं २ कधी होतं ते कळतही नाही. मी स्वतःच्या नोंदींत हे बघितलंय.

उरलेल्या रोपांचे गड्डे काढणीला तोला. मुळाची श्रेणी आणि गड्ड्याचं वजन नेहमी हातात हात घालून जात नाहीत. पाणी वेळेवर मिळालं तर कोबी वरच्या भागातून नवी मुळं फोडून बरंच सावरतो. मुळ्याला किंवा सलगमला ती सवलत नाही, तिथं मूळ हेच पीक.

आकडेमोड

आणि श्रेणींची सरासरी वाफ्यागणिक काढा. १० रोपं म्हणजे १० पुनरावृत्ती नव्हेत, ती एकाच वाफ्यातली भावंडं आहेत. २४० मुळांवरून हिशेब केला तर प्रत्येक किरकोळ फरक मोठा दिसतो. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या चुकीवर सविस्तर लिहिलं, तरी ती अजून सर्रास होते. तुमच्या हिशेबात आकडे २४ च.

शेतवही

सात आठवड्यांनी लिहितेय. मोजणी झाली.

खोदायला दोन दिवस लागले. वडील मुळं धुवून ट्रेमध्ये ओळीनं मांडायचे, बाजूला क्रमांकाची चिठ्ठी. कोणता क्रमांक कशाचा ते त्यांच्याच खिशातल्या कागदावर. मी फक्त श्रेणी सांगायची आणि भावानं लिहायची. पहिल्या ३० मुळांना माझा हात सारखा अडखळत होता, २ की ३? शेवटी प्रत्येक श्रेणीचं एक मूळ वेगळं काढून ओल्या फडक्यावर नमुना म्हणून ठेवलं आणि ती ३० पुन्हा पहिल्यापासून बघितली. त्यानंतर काम सरळ झालं.

कागद उघडला तेव्हा कळलं ते असं. गट १ मधला बिनऔषधाचा वाफा भयंकर, जवळजवळ सगळी मुळं ४ आणि ५. गट ४ मधला बिनऔषधाचा वाफा मात्र बराच स्वच्छ. म्हणजे मागच्या वर्षी माझं "तिसरं औषध" ज्या बाजूला होतं, तिथं औषध न देताही पीक आलं असतं. तेच औषध यंदा उपचार ५ मध्ये होतं, आणि झाडोऱ्याजवळ त्यानं बुंध्याच्या आळवणीत फारसं काही केलं नाही. ट्रेमध्ये दिलेलं तेच औषध, त्याच गटात, चार हातांवर, मुळं पांढरीशुभ्र! ती दोन मुळं शेजारी ठेवून वडील बराच वेळ बघत राहिले.

वरून बघताना मात्र त्या आठवड्यात दोन्ही वाफे सारखेच हिरवे होते. पाऊस वेळेवर झाला म्हणून. नुसत्या पानांवरून ठरवलं असतं तर यंदाही वहीत चुकीचीच ओळ गेली असती.

पूर्ण हिशेब आकडेमोड ताईंना पाठवते, त्या बघतील तेव्हाच औषधांची तुलना इथं लिहीन. एका शेतातली एका हंगामाची चाचणी आहे, एवढ्यावर कुणी औषध बदलू नये.

रोपवाटिका

ताई, बुंध्याच्या आळवणीला किती पाणी दिलंत? आणि माती कशी होती?

शेतवही

प्रत्येक रोपाला ७० मिली, मापानं. पण आता आठवतंय, त्या दिवशी वाफसा नव्हता, वरचा थर कोरडा होता. पाणी बुंध्यापासून बाजूला पसरताना दिसत होतं. वहीत तसं लिहिलंय. पुढच्या वेळी आधी हलकं पाणी देऊन मग आळवणी करून बघेन.

मुळापासून

कोरड्या मातीत औषध वरच्या बोटभर थरात अडकतं, विशेषतः माती सेंद्रिय पदार्थांनी समृद्ध असेल तर. त्या कणांना ते घट्ट धरून बसतं आणि मुळांपर्यंत पोचत नाही. हे लिहून ठेवलंत हे फार बरं केलंत. कोष काढून ठेवलेत का?

शेतवही

हो, सर. बिनऔषधाच्या वाफ्यांतली मुळाभोवतीची माती बादलीत ढवळली, कोष वर तरंगले. ४० कोष मोजून ओलसर वाळूच्या डब्यात ठेवले, वर मलमल बांधली. अडीच आठवड्यांनी माश्या निघायला लागल्या. चार दिवस निघाल्या आणि थांबल्या. सगळ्या मुळमाश्याच, तुम्ही सांगितलेल्या खुणा भिंगातून जुळवल्या. पण निम्म्याहून जास्त कोष तसेच पडून होते. मला वाटलं मेले.

डबा टाकून देणार होते. परवा, पाचव्या आठवड्यात, मलमलीच्या आतून काहीतरी भरभर धावताना दिसलं. काळा, लांबट, ५-६ मिमीचा भुंगा, पंख इतके आखूड की पाठ निम्म्याहून जास्त उघडी. काल आणखी सहा.

बांधावरचा

अलिओकाराच, ताई! कोष भिंगाखाली धरून बघा. माशी बाहेर पडते तेव्हा कोषाच्या टोकाची टोपी उघडते. भुंगा बाहेर पडतो तिथं वेडंवाकडं कुरतडलेलं भोक असतं. ते झाडोऱ्याजवळच्या गटातल्या कोषांतले आहेत का?

शेतवही

कुरतडलेलीच भोकं आहेत, दादा. आणि कोष जास्त करून गट १ मधले आहेत, तिथंच अळ्या होत्या.

आज सकाळी डबा घेऊन गट १ मध्ये गेले. खालची माती अजून ओली होती. बिनऔषधाच्या वाफ्यात, एका सावरलेल्या कोबीच्या बुंध्याशी डबा आडवा ठेवला आणि मलमल सोडली. पहिला भुंगा काठावर येऊन थांबला, शेपटाकडचा भाग विंचवासारखा वर केला आणि उतरला. मागोमाग बाकीचे. मातीच्या ढेकळांत शिरले आणि पाच मिनिटांत एकही दिसेना.

उरलेले १० कोष अजून डब्यातच आहेत. वाळू ओलसर ठेवतेय.